क्लच पूर्ण दाबूनही गाडी पुढे ओढते : बुलेट ३५० (उजव्या पायाचे गिअर)

पोवईनाका (धागाकर्ता)

माझ्याकडे १९९६ सालची बुलेट ३५० आहे. जुने बिडाचे इंजिन, वेगळा चार गिअरचा डबा, गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला. गाडी वडिलांनी नवी घेतली होती आणि आजही रोज सातारा ते वाई अशी धावते, त्यामुळे तिचा बारीकसा बदलही मला लगेच जाणवतो. गेल्या दोन महिन्यांपासून तिचा क्लच पूर्ण सुटत नाही. सकाळी पहिला गिअर टाकला की मोठा आवाज होऊन गाडी हातभर पुढे उडी मारते आणि कधीकधी बंद पडते. सिग्नलला क्लच पूर्ण दाबून उभे राहिले तरी गाडी हळूहळू पुढे सरकू पाहते, म्हणून ब्रेकवर पाय ठेवावा लागतो. सर्वांत जास्त त्रास न्यूट्रलचा आहे. टाचेने दाबायची न्यूट्रलची दांडी दुसऱ्या गिअरमध्ये पूर्वी बोटाच्या जोराने चालत असे. आता इंजिन चालू असताना ती दगडासारखी घट्ट लागते आणि इंजिन बंद केले की सहज खाली जाते.

आतापर्यंत मी नवी क्लच वायर घातली आहे आणि हँडलजवळचा व डब्यावरचा असे दोन्ही ॲडजस्टर जवळजवळ शेवटपर्यंत फिरवले आहेत. लिव्हरला मोकळी चाल (वायर ताणली जाण्यापूर्वी लिव्हर सैल हलते ती) साधारण तीन मिलिमीटर आहे, म्हणजे वायर ढिली आहे असे म्हणता येत नाही. एका गॅरेजमध्ये दाखवल्यावर, क्लच प्लेटींचा पूर्ण संच बदलावा लागेल, असे सांगण्यात आले. परंतु गाडी घाटात अजिबात घसरत नाही, पसरणी घाट तिसऱ्या गिअरवर नेहमीसारखी चढते. प्लेटी झिजल्या असत्या तर क्लच घसरायला हवा होता, अशी माझी समजूत आहे. खर्च करण्यापूर्वी काय काय तपासावे आणि कोणत्या क्रमाने, याचे मार्गदर्शन हवे आहे.

घाटमाथा

आपली समजूत बरोबर आहे. घसरणे आणि न सुटणे हे दोन उलट दोष आहेत. घसरणाऱ्या क्लचमध्ये प्लेटी एकमेकींना पुरेशा दाबत नाहीत, तर न सुटणाऱ्या क्लचमध्ये त्या एकमेकींना सोडत नाहीत. नव्या प्लेटी घातल्याने दुसरा दोष जाईलच असे नाही. उलट नव्या प्लेटी जाड असल्याने तो काही काळ वाढतो, असेही मी पाहिले आहे.

लेथवाला

मी शिरोली एमआयडीसीत तीस वर्षे यंत्रांवर काम केले आणि तितकीच वर्षे बुलेट चालवतो आहे. थोडे सविस्तर लिहितो, कारण हा दोष समजून न घेता पाना हातात घेतला तर माणूस गोल गोल फिरत राहतो.

क्लच सुटणे म्हणजे नेमके काय, हे आधी आकड्यांत पाहू. आपण लिव्हर दाबता तेव्हा वायर ओढली जाते, गिअरच्या डब्याच्या उजव्या कव्हरमधील छोटा दांडा फिरतो, तो पोकळ शाफ्टमधून आरपार गेलेल्या पुश रॉडला ढकलतो आणि रॉडचे डावे टोक, प्लेटींना स्प्रिंगांच्या जोराने आवळून धरणाऱ्या प्रेशर प्लेटला, त्या स्प्रिंगांविरुद्ध उचलते. ही उचल फार थोडी असते. ती १.६ मिलिमीटर आहे आणि घर्षणाच्या प्लेटी चार आहेत असे धरले, तर घर्षणाच्या आठ बाजू होतात आणि प्रत्येक बाजूच्या वाट्याला ०.२ मिलिमीटर जागा येते. म्हणजे वहीच्या दोन कागदांएवढी. यातील अर्धा मिलिमीटर उचल वाटेत कुठेतरी हरवली, तर प्रत्येक बाजूला ०.१४ मिलिमीटरसुद्धा उरत नाही आणि एखादी प्लेट जरा वाकडी असेल तर ती चिकटलेलीच राहते. त्यामुळे आपल्याला दोनच प्रश्न सोडवायचे आहेत. उचल पुरेशी होते का? आणि उचल झाल्यावर प्लेटी मोकळ्या होतात का? पहिल्याचे उत्तर मिळेपर्यंत दुसऱ्याकडे जाऊ नये.

आपल्या पोस्टमधील दोन्ही ॲडजस्टर शेवटपर्यंत गेल्याचे वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटले. ही गाडी वायरच्या ॲडजस्टरने ओढून ओढून इथपर्यंत आणलेली आहे. प्लेटी झिजतात तशी प्रेशर प्लेट आत सरकते आणि पुश रॉड उजवीकडे ढकलला जातो, त्यामुळे लिव्हरची मोकळी चाल कमी होते. रॉडची टोके झिजली तर याच्या उलट घडते. दोन्ही वेळा खरी दुरुस्ती रॉडजवळच्या स्क्रूवर करायची असते, पण वायरचा ॲडजस्टर हाताशी असल्याने सगळे तोच फिरवतात. त्याचा परिणाम असा होतो की आतला दांडा लिव्हर न दाबताच पुढे झुकून बसतो. मग लिव्हर दाबल्यावर त्याला पुढे जायला जागा उरत नाही, तो कव्हरच्या आतल्या बाजूला टेकतो आणि पुढची सारी ओढ वायरचे वेटोळे आवळण्यात खर्च होते. बाहेर लिव्हरला तीन मिलिमीटर चाल बरोबर दिसते, पण आत उचल अर्धीच होते.

म्हणून हे करा. दोन्ही ॲडजस्टर पूर्ण आत फिरवून वायर अगदी ढिली करा. डब्याच्या उजव्या कव्हरवर दोन स्क्रूंनी धरलेली लहान तपासणी-झाकणी आहे, ती काढा. आत दांडा, लॉकनट आणि मधला स्क्रू दिसेल. लॉकनट सैल करून स्क्रू हलक्या हाताने आत फिरवा. रॉडला टेकल्याचे बोटाला स्पष्ट जाणवेल. तिथून अर्धा फेरा मागे घ्या, स्क्रू धरून ठेवा आणि लॉकनट आवळा. लॉकनट आवळताना स्क्रू सोबत फिरतोच, म्हणून आवळल्यावर दांडा बोटाने हलवून चाल उरली आहे ना ते पाहा. त्यानंतरच वायर ताणा आणि हँडलच्या लिव्हरला बुडाशी दोन ते तीन मिलिमीटर चाल ठेवा. हा क्रम उलटा करू नका.

चाल शून्यावर आणून क्लच जास्त सुटेल, हा मोह अनेकांना होतो. चाल नसेल तर रॉड सतत दाबाखाली घासत फिरतो, टोक तापते, त्याचा कडकपणा जातो आणि ते छत्रीसारखे पसरते. असा पसरलेला रॉड पोकळ शाफ्टमध्ये अडकू लागतो आणि आपण ज्या दोषासाठी चाल काढली तोच दोष दुप्पट होऊन येतो.

मांडवीतीर

आमच्याकडे फोंड्याला स्प्लेंडर आहे, बुलेट नाही, तरीही हाच त्रास झाला होता, म्हणून लिहितो. माझ्या गाडीत क्लच इंजिनच्याच तेलात बुडालेला असतो आणि कंपनी १०डब्ल्यू-३० तेल सांगते. एका ठिकाणी तेल बदलताना त्याहून दाट असे २०डब्ल्यू-५० घातले गेले. दुसऱ्या दिवसापासून पहाटे पहिला गिअर खाडकन पडू लागला, पण गाडी पाच-सहा किलोमीटर चालून गरम झाली की त्रास कमी होत असे. तेल पुन्हा १०डब्ल्यू-३० केल्यावर तो पूर्ण गेला. बुलेटमध्ये क्लचला कोणते तेल लागते?

लेथवाला

चांगला प्रश्न विचारलात. जुन्या बुलेटमध्ये इंजिन, गिअरचा डबा आणि डाव्या बाजूचा प्राथमिक चेनचा डबा या तिन्हींचे तेल वेगवेगळे असते आणि क्लच त्या चेनच्या डब्यात असतो. म्हणजे तिथे तेल क्लचच्या गरजेनुसार निवडता येते. डब्यावर पातळी पाहण्याचा स्क्रू असतो. तो काढल्यावर तेल जेमतेम बाहेर येईल इतकेच भरावे. जास्त भरले किंवा फार दाट तेल घातले तर प्लेटींमधल्या त्या दोन कागदांएवढ्या जागेत तेलाची चिकट फीत तयार होते आणि ती थंडीत सुटत नाही. मोटारींसाठीचे घर्षण कमी करणारे मिश्रण असलेले तेल घालू नये, त्याने क्लच घसरू लागतो. मोटारसायकलीसाठीच्या तेलाच्या डब्यावर जासो एमए असे लिहिलेले असते, ते पाहून घ्यावे.

धागाकर्त्यांचा त्रास गरम झाल्यावरही राहतो, तेव्हा एकट्या तेलाला दोष देता येणार नाही. तरीही चेनच्या डब्यातले तेल किती जुने आहे ते पाहा.

कृष्णाकाठ

स्प्रिंगा थोड्या सैल केल्या तर प्रेशर प्लेट सहज उचलली जाईल आणि लिव्हरही हलकी होईल. आमच्या भागातले एक मिस्त्री असेच करतात.

घाटमाथा

कृपया असे करू नये. स्प्रिंग सैल केल्याने उचल वाढत नाही, फक्त हाताचा जोर कमी लागतो. उचल ही दांडा आणि रॉड किती सरकतात यावर ठरते. मात्र सैल स्प्रिंगांनी क्लच घसरू लागेल आणि खंबाटकीसारख्या चढावर मागे माणूस बसलेला असताना प्लेटी जळतील. स्प्रिंगांचा एकच भाग या दोषाशी निगडित आहे आणि तो म्हणजे सर्वांचा दाब सारखा असणे. एक स्प्रिंग दमलेली असेल तर प्रेशर प्लेट तिरकी उचलली जाते, एका बाजूला भरपूर जागा होते आणि दुसऱ्या बाजूला प्लेटी घट्टच राहतात. चेनच्या डब्याचे कव्हर काढल्यावर दुसऱ्या माणसाला लिव्हर दाबून धरायला सांगा आणि किक हळूच खाली न्या. प्रेशर प्लेट डुलत फिरत असेल तर ते डोळ्यांना लगेच दिसते. स्प्रिंगांची लांबी एकमेकींशेजारी उभ्या करून ताडून पाहा. एखादी आखूड निघाली तर पूर्ण संच बदला, एकटी बदलू नका.

पोवईनाका (धागाकर्ता)

आपण सर्वांनी इतके मनापासून लिहिले, त्याबद्दल आभारी आहे. रविवारी झाकणी उघडली. लेथवाले काकांनी लिहिले होते तसेच निघाले. लिव्हरला हात न लावताच आतला दांडा पुढे झुकलेला होता आणि लिव्हर दाबल्यावर तो शेवटच्या टप्प्यात कव्हरला टेकत होता, टेकण्याची जागा घासून चकचकीत झाली होती. वायर ढिली केली, स्क्रू टेकवून अर्धा फेरा मागे घेतला, मग वायर ताणली. लिव्हर आधीपेक्षा बरीच हलकी झाली, हे मला अपेक्षित नव्हते.

गाडी आता सिग्नलला पुढे सरकत नाही. सकाळची उडी मात्र निम्म्यानेच कमी झाली आहे आणि न्यूट्रल अजून अडते, विशेषतः गाडी पूर्ण गरम झाल्यावर. मेन स्टँडवर लावून, मागचे चाक अधांतरी ठेवून, इंजिन चालू करून पहिला गिअर टाकला आणि क्लच दाबून धरला, तर चाक फिरतच राहिले. ब्रेक हलका दाबल्यावर ते थांबले, पण इंजिनाचा आवाज बसला. हे तेलामुळे होणारे नेहमीचे फिरणे आहे की दोष अजून उरला आहे?

लेथवाला

इंजिनाचा आवाज बसला, म्हणजे दोष उरला आहे. ओल्या, म्हणजे तेलात चालणाऱ्या, क्लचमध्ये चाक तेलाच्या ओढीने थोडे फिरणे स्वाभाविक असते, पण ब्रेकच्या हलक्या स्पर्शाने ते थांबले पाहिजे आणि इंजिनाला त्याची जाणीवही होता कामा नये. ही चाचणी ब्रेकनेच केलीत ते योग्य झाले. काही जण फिरत्या चाकाला बूट लावतात, आऱ्यांत पाय गेला तर हाड मोडते.

उचलीचा प्रश्न आता सुटला आहे असे धरू आणि प्लेटींकडे जाऊ. डाव्या बाजूचे कव्हर मधल्या एकाच मोठ्या नटने धरलेले असते. आधी डावा फूटरेस्ट आणि ब्रेकचा पायटा बाजूला करावा लागेल. खाली पसरट भांडे ठेवा, कव्हर सुटताच सगळे तेल एकदम बाहेर येते. कडेची रबरी रिंग कडक झाली असेल तर नवी आणून ठेवा. स्प्रिंगा आणि प्रेशर प्लेट काढल्यावर प्लेटी एकेक करून बाहेर येतील. त्या निघाल्या त्याच क्रमाने आणि त्याच बाजूने वर्तमानपत्रावर मांडा, शक्य असेल तर मोबाइलवर फोटो काढा. हे सांगण्याचे कारण असे की काही क्लचांमध्ये एखादी पोलादी प्लेट कारखान्यातूनच मुद्दाम किंचित बशीसारखी खोलगट केलेली असते. ती वाकडी समजून ठोकून सपाट करणारे मिस्त्री मी पाहिले आहेत.

पोलादी प्लेट जाड काचेवर ठेवून चारी बाजूंनी फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावा. मुद्दाम खोलगट केलेली प्लेट सगळीकडे सारखी उचललेली असते. तापून वाकलेली प्लेट दोन ठिकाणी टेकते आणि मधे फट दाखवते, शिवाय तिच्यावर निळे डाग दिसतात. फट ०.२ मिलिमीटरच्या वर असेल तर ती प्लेट पुन्हा बसवू नका. वरचा हिशोब आठवा, एका बाजूच्या वाट्याला जागाच तेवढी आहे.

त्यानंतर सर्वांत दुर्लक्षित भागाकडे वळा. घर्षणाच्या प्लेटींचे कान ड्रमच्या (प्लेटी ज्यात बसतात त्या गोल भांड्याच्या) ज्या खाचांमध्ये बसतात, त्या खाचांच्या कडांवरून नख फिरवा. प्रत्येक वेळी क्लच पकडताना हे कान कडेवर आपटतात आणि वर्षानुवर्षांनी तिथे खड्डे पडतात. क्लच सोडवताना प्लेटीला बाजूला सरकायचे असते, पण कान खड्ड्यात अडकून राहतो. नव्या प्लेटी घालूनही क्लच सुटत नाही अशी तक्रार येते, तेव्हा पुष्कळदा कारण इथे असते. खड्डे उथळ असतील तर सपाट बारीक कानशीने कड सरळ करता येते, मात्र प्रत्येक खाचेतून सारखेच घासले पाहिजे, नाहीतर सगळा भार एक-दोन कानांवर येईल. ड्रम जागेवर ठेवून घासणार असाल तर चेनवर आणि मागे कापड घट्ट कोंबा, लोखंडाचा कीस डब्यात राहता कामा नये. ड्रम बाहेर काढणे अधिक चांगले, पण त्यासाठी अल्टरनेटर काढून पुढचा दात्यांचा चक्का, चेन आणि ड्रम एकत्र ओढावे लागतात. पुलर (घट्ट बसलेले भाग ओढून काढायचे हत्यार) नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

पुश रॉडही बाहेर ओढून काचेवर गडगडवून पाहा. तो सरळ असेल तर एकसारखा गडगडेल.

मांडवीतीर

एक शंका आहे. २००९ नंतरच्या रॉयल एनफिल्ड क्लासिकमध्येही हेच सर्व लागू होते का? माझ्या मेहुण्यांकडे ती आहे.

घाटमाथा

तत्त्व तेच आहे, परंतु रचना वेगळी आहे. त्या गाड्यांमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच आवरणात आहेत आणि क्लचला इंजिनाचेच तेल मिळते, त्यामुळे तिथे आपल्या स्प्लेंडरचा तेलाचा अनुभव अधिक उपयोगी पडेल. वर सांगितलेली झाकणी आणि स्क्रू त्यांत शोधू नयेत. मोकळी चाल, वायरचे वळण आणि प्लेटींची सपाटी या गोष्टी मात्र कोणत्याही गाडीत तपासाव्यात.

वायरच्या वळणाबद्दल धागाकर्त्यांनाही एक सुचवतो. हँडल डावीकडे आणि उजवीकडे पूर्ण वळवून दोन्ही टोकांना लिव्हरची चाल मोजा. ती बदलत असेल तर वायर टाकीखाली कुठेतरी ताणली जात आहे. नवी वायर घालताना ती जुन्या वाटेने न जाता फ्रेमच्या चुकीच्या बाजूने गेलेली मी अनेकदा पाहिली आहे.

पोवईनाका (धागाकर्ता)

काम दोन रविवारांत पूर्ण झाले. सर्वांना उपयोग व्हावा म्हणून सापडले तसे लिहितो.

वायर खरोखरच चुकीच्या वाटेने गेली होती. उजवीकडे हँडल वळवले की चाल तीनवरून जवळजवळ शून्यावर येत होती. म्हणजे वळणावर माझा रॉड दाबाखाली फिरत होता आणि मला ते ठाऊकही नव्हते. रॉडचे एक टोक थोडे पसरलेले निघाले. ते शाफ्टमधून ओढताना अडकले, पण रॉड सरळ होता. मी नवा रॉड आणला.

पोलादी प्लेटींपैकी एकीवर निळे डाग होते आणि काचेवर तिची फट ०.३५ मिलिमीटर भरली. बाकीच्यांची ०.१ च्या आत होती. ती एकच प्लेट बदलली. घर्षणाच्या प्लेटींची जाडी चांगली असल्याने त्या तशाच ठेवल्या. स्प्रिंगा समान लांबीच्या होत्या.

ड्रमच्या खाचांत नख स्पष्ट अडकत होते. अंदाजे अर्ध्या मिलिमीटरचे खड्डे होते, सर्व खाचांत, एकाच बाजूला. माझ्याकडे पुलर नाही, म्हणून ड्रम जागेवरच ठेवून, कापड कोंबून, प्रत्येक कडेवर मोजून दहा हात कानस फिरवली आणि नंतर बारीक पॉलिश पेपर लावला. खड्डे पूर्ण गेले नाहीत, पण त्यांच्या धारदार कडा गेल्या आणि प्लेटीचा कान वर-खाली न अडखळता सरकू लागला. चेनचा डबा रॉकेलने दोनदा धुऊन काढला, मगच नवे तेल पातळीच्या स्क्रूपर्यंत भरले.

जोडल्यावर पहिल्या सकाळी उडी पुन्हा आली आणि क्षणभर मन खट्टू झाले. मग वडिलांची एक सवय आठवली. ते गाडी चालू करण्यापूर्वी क्लच दाबून दोन-तीन किका मारत असत आणि आम्ही मुले ते का करतात हे कधी विचारले नाही. रात्रभर उभ्या गाडीत स्प्रिंगांच्या दाबाने प्लेटींमधले तेल पिळून निघते आणि त्या एकमेकींना चिकटतात, क्लच दाबून किक मारल्यावर त्या सुटतात. दुसऱ्या दिवशी तसे केले आणि पहिला गिअर हलक्या आवाजात पडला.

लेथवाला

वडील बरोबर करत होते. जुन्या बुलेटवाल्यांची ही रोजचीच पद्धत होती. त्या किकेला इंजिन फिरले नाही, नुसती किक मोकळी खाली गेली, तर समजावे की प्लेटी सुटल्या.

ड्रमची कड घासल्यामुळे खाचा आता थोड्या रुंद झाल्या आहेत, त्यामुळे क्लच पकडताना बारीक खडखड ऐकू येईल. ती वाढू लागली तर ड्रम बदलावा लागेल, पण रोजच्या वापरात अजून बरीच वर्षे जातील असे आपल्या वर्णनावरून वाटते. नवा रॉड आणि नवी प्लेट बसायला थोडा वेळ लागतो, म्हणून तीनशे किलोमीटरनंतर झाकणी पुन्हा उघडून स्क्रू टेकवून पाहा.

पोवईनाका (धागाकर्ता)

खडखड आहे, पण हेल्मेट घातल्यावर ऐकू येत नाही. आज पोवई नाक्यावर गाडी तापलेली असताना दुसऱ्या गिअरमध्ये उभा होतो आणि टाचेने दांडी दाबताच न्यूट्रल पडले. वायरचे दोन्ही ॲडजस्टर आता निम्म्याहून अधिक आत आहेत. तीनशे किलोमीटर या महिनाअखेरीस होतील, तेव्हा स्क्रू तपासून चाल किती बदलली ते इथेच लिहीन.